पहिल्या नावाची पार्टी

डॉक्टर तिहोमिर बाकिच यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा महिनाभर ती संस्थेपासून तीन गल्ल्या लांब, कबरस्तानाच्या भिंतीला लावून ते पायी यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, गुडघ्यांना चालणं बरं असतं. गुडघे ठणठणीत होते. गाडी घेतल्याचं संस्थेत कळलं असतं तर पार्टी द्यावी लागली असती, एवढंच दुखणं होतं.

मोरावा नदीकाठच्या आमच्या शहरात माणसाचं काहीही भलं झालं की त्यानं खिलवायचं. पोरगी झाली, खिलव. छप्पर घातलं, खिलव. मुतखडा पडला, तरी खिलव. ज्याचं भलं झालं त्यालाच इतरांनी जेवायला न्यावं, असल्या उलट्या तऱ्हा आमच्यात नाहीत. मयताला गेला नाहीत तर लोक एक वेळ समजून घेतील. पार्टी चुकवलीत तर तुमच्या नातवंडांनासुद्धा ऐकवतील.

तिहोमिर कर्करोग संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर होते. गाठ आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचं भांडण कसं चालतं, ते शोधायचं खातं. या मजल्यावर मुलं फारशी होत नव्हती, छपरंही कोणी घालत नव्हतं. तेव्हा इथली पार्टी म्हणजे पेपरची. एखादा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला, की खाली क्ष-किरणवाल्यांपर्यंत बातमी जायची आणि सगळे एकच प्रश्न विचारायचे, "पहिलं नाव कोणाचं?" निबंधावर सहा-सात नावं असतात. पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं खात्याच्या प्रमुखाचं, मधली सगळी वऱ्हाडी मंडळी. पार्टी द्यायची पहिल्या नावानं. यात वाद नाही.

तिहोमिरांचं पहिलं नाव एकदाच लागलं होतं, ऐन तारुण्यात. बातमी कळताच चाळीस माणसं आली. त्यांतल्या निम्म्यांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. अख्खं कोकरू भाजावं लागलं, आलुबुखाराच्या दारूचे, राकियाचे, दोन बुधले रिकामे झाले, आणि पाहुण्यांनी जाताना उरलेली हाडंही कुत्र्यांसाठी बांधून नेली. बायको यास्मिन्का आठ दिवस बोलली नाही. त्या दिवशी तिहोमिरांनी कानाला खडा लावला.

तसा माणूस हुशार, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल करावं. पण हुशारी आणि कंजूषपणा एका डोक्यात राहायला आले की हुशारीला घरकाम करावं लागतं. खात्याचे जुने प्रमुख निवृत्त झाले आणि तिहोमिर काळजीवाहू प्रमुख झाले, तेव्हा त्यांना लख्ख सुचलं: आपलं नाव आता शेवटी जातंच आहे. पहिलं दुसऱ्या कोणाचं तरी घालू.

दुसरं कोणी म्हणजे लेपोसावा रिस्तिच. डोंगरातल्या खेड्यातून आलेली, तीस वर्षांची, कमी बोलणारी साहाय्यक. तिहोमिरांनी तिच्या अंगातल्या गुणांची यादी केली. कामाला वाघ, हस्ताक्षर सुंदर, आणि भावाकडे दोनशे मेंढ्या. शेवटचा गुण त्यांना फार भावला.

"लेपोसावा, या पेपरवर तुमचं नाव पहिलं घालतोय," ते म्हणाले. "नव्या माणसांना पुढे आणलं पाहिजे."

"माझं? अहो सर, कल्पना तर सगळी तुमची!"

"असू दे, असू दे. कल्पनेचं काय एवढं."

तिला रडू आलं. पुढच्या शनिवारी तिचा भाऊ कोकरू भाजूनच जीपमधून घेऊन आला, आईनं चीज घातलेली थरांची गिबानित्सा पाठवली होती, आणि तिहोमिरांनी तीनदा ताट भरून घेतलं. विज्ञानाची इतकी गोडी त्यांना त्याआधी कधी लागली नव्हती.

अकरा वर्षांत हे चौदा वेळा झालं. चौदा पेपर, चौदा पार्ट्या, चौदाही वेळा लेपोसावाचं नाव पहिलं. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी आणि उंदरांना सांभाळणारी दोब्रिला या पेपरांची नावं कधी घेत नसे. "तो मारेकरी पेशींवरचा का? अहो, तोच तो, अक्रोडाच्या केकवाला!" असं सांगायची. त्वचेच्या कर्करोगावरचा म्हणजे नदीतल्या माशांवाला. मजल्यावरच्या सगळ्यांना तेच सोपं पडायचं. ग्रंथालयातली बाईसुद्धा फाईल शोधताना आधी दोब्रिलाला विचारायची.

मग या वसंतात संचालकांनी, प्राध्यापक ओब्राद जीवानोविच यांनी, प्रमुखाची जागा कायमची भरायचं जाहीर केलं. ओब्राद म्हणजे दीडशे किलोंचा मोकळाढाकळा माणूस, हसायला लागला की टेबल हलायचं. तिहोमिरांना तो कॉलेजपासून अरे-तुरे करी.

"अकरा वर्षं काळजी वाहिलीस, आता बस एकदाचा खुर्चीत," ओब्राद म्हणाला. "पण अर्ज किमान दोन लागतात बरं का. एकच आला तर निवड रद्द, आणि मग राजधानीतून कोणीतरी धाडतील."

"दोन होतील," तिहोमिर म्हणाले आणि सरळ लेपोसावाच्या टेबलाशी गेले. "नावापुरता एक अर्ज टाका. कागद दोन लागतात, बस्स."

"मी? प्रमुखपदाला? सर, लोक हसतील."

"हसू द्या हो. लोकांचं काय जातंय?"

तिनं टाकला.

तिहोमिर फॉर्म भरायला बसले ते सकाळची कॉफी घेऊन, अगदी खुशीत. जन्म, शिक्षण, पदव्या, सगळं झोकात लिहिलं. चौथ्या पानावर चौकट होती: गेल्या बारा वर्षांत प्रथम लेखक म्हणून प्रसिद्ध झालेले निबंध, किमान सहा आवश्यक. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. शेवटच्या नावाला कुठे चौकट आहे का, म्हणून पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं. मंत्रालयानं याच हिवाळ्यात नियम बदलला होता. प्रमुख लोक काही न करता शेवटी नाव लावून घेतात, त्याला आळा घालायला.

त्यांचा तो एकुलता एक पेपर तीस वर्षांपूर्वीचा. चौकटीत लिहायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं.

"डॉक्टर, कॉफी निवली तुमची," दोब्रिला कप न्यायला आली होती. तिनं मान वाकडी करून चौकट वाचली. तिला वाचायला कोणी सांगितलं नव्हतं, पण वाचू नको असंही सांगितलं नव्हतं. "अगं बाई! लेपोसावाताईंना तर या चौकटीत जागाच पुरली नाही. जोडपान लावलंय त्यांनी."

"तू भांडी धुवायला जा."

"धुतली सगळी," दोब्रिला म्हणाली, आणि अर्ध्या तासात खालच्या क्ष-किरणवाल्यांनाही कळलं.

तिहोमिरांच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची गेली तर गेली, पण जाणार कोणाकडे? आपल्याच हाताखालच्या बाईकडे! आणि ती जिच्या जोरावर बसणार ती शिडी त्यांनीच, एकेक पायरी ठोकून, कोकराच्या तंगडीसाठी बांधून दिलेली. अर्ज मागे घ्यायला लावावा, तर निवड रद्द. न लावावा, तर तीच एकटी पात्र. रागावं तरी कोणावर, हेही कळेना. त्यांनी लेपोसावाला बोलावून घेतलं आणि दार लावलं.

"बसा. कॉफी घेता?"

अकरा वर्षांत त्यांनी तिला प्रथमच कॉफी विचारली होती. तिच्या लगेच लक्षात आलं.

"ते चौकटीचं ना, सर?"

"हां, तेच. आता तुम्हाला माहितीये, मला माहितीये, की हे पेपर खरे कोणाचे. नियमात एक सोय आहे. पहिल्या लेखकानं लेखी दिलं, की कल्पना आणि मांडणी दुसऱ्याची होती, तर तो पेपर त्या दुसऱ्याच्या नावे धरतात. तसं एक पत्र द्याल?"

लेपोसावानं ओढणीसारखा गळ्यात टाकलेला स्कार्फ सोडला, घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "देते."

"देता?"

"नऊंचं देते. पहिले नऊ तुमचेच आहेत. तुम्ही सांगितलंत तसं मी केलं, उंदीर धरले, पेशी मोजल्या. ते मी कुठंही लिहून देईन. शेवटचे पाच माझे आहेत."

तिहोमिर हसले. त्यांना खरंच हसू आलं. "तुमचे कसे? माझ्या खात्यातले, माझी सही असलेले?"

"वाचा ना एकदा."

"माझेच पेपर मी वाचू?"

"रागावू नका सर, पण ते पाच तुम्ही वाचलेलेच नाहीत. वरचा सारांश वाचायचात आणि विचारायचात, शनिवारी की रविवारी."

हे इतकं खरं होतं की तिहोमिर सरळ हिशेबाकडे वळले. त्यांनी मनात झरझर आकडे मांडले. नऊ आपल्याला आले तर तिला उरतात पाच. सहा लागतात. म्हणजे ती बाद. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"पाच उरले तर तुम्ही पात्र राहत नाही. हे आलंय ना ध्यानात?"

"आलंय."

"आणि तरी देता?"

"नऊ तुमचे आहेतच, त्याला मी काय करू?" ती उठली. "उद्या सकाळी पत्र टेबलावर असेल."

ती गेल्यावर तिहोमिरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरता नाही. पाच माझे म्हणे! बघतोच, असं पुटपुटत त्यांनी कपाटातून ते पाच पेपर काढले, पेन्सिलीला टोक केलं आणि आपल्या कल्पना शोधायला बसले.

पहिल्यात सापडली नाही. दुसऱ्यात प्रस्तावनेत एक वाक्य ओळखीचं वाटलं, पण ते त्यांच्या एका जुन्या मताचं खंडन करायला घेतलेलं निघालं. फारच नम्रपणे खोडलं होतं. इतकं नम्रपणे, की खोडलंय हे सारांशात कळूच नये.

तिसरा पेपर सगळ्यात गाजलेला. याच्यावर तिहोमिर दोन वर्षं परिषदांमध्ये बोलत फिरले होते. बुडापेस्टला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि यांनी कमरेत वाकून त्या घेतल्या होत्या. प्रश्न जुनाच: शरीराच्या पहारेकरी पेशी गाठीत शिरतात आणि मग नुसत्या बसून राहतात, गाठीला हात लावत नाहीत, असं का? तिहोमिरांचं आयुष्यभराचं मत, की गाठ त्यांना फितवते. लेपोसावानं वेगळंच दाखवलं होतं. पहारेकरी फितूर नसतात, उपाशी असतात. आजूबाजूची सगळी साखर गाठ एकटीच खाऊन टाकते. पहारेकऱ्यांना जरा खायला घाला, ते उठून कामाला लागतात.

फाईलच्या तळाशी तिचा पहिला कच्चा मसुदा टाचलेला होता. त्यावर समासात, तिहोमिरांच्याच लाल अक्षरात, लिहिलेलं होतं: "यात काही अर्थ नाही. उंदीर वाया घालवू नका."

तिहोमिरांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग ती पुन्हा उचलून त्यांनी तो पेपर पहिल्यापासून वाचला, आणि या वेळी त्यांना फार वाईट वाटलं, कारण तो सुंदर होता. एकेक पायरी अशी रचलेली, की पुढची आपोआप दिसावी. एके काळी तेही असं लिहायचे. गेली सहा वर्षं शेजारच्या खोलीत हे चाललं होतं आणि यांना वास आला तो फक्त भाजलेल्या मांसाचा. पहारेकरी उपाशी असतील, ही गोष्ट स्वतः तीन-तीन ताटं भरून घेणाऱ्याला सुचणार कशी? त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्यामुळे त्यांना आधी ते पित्तच वाटलं, आणि त्यांनी एक गोळीही घेतली.

पत्र सकाळी टेबलावर होतं. सुंदर हस्ताक्षरात, नऊ पेपरांची नावं, खाली सही. तिहोमिरांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

निवडीची सभा गुरुवारी अकरा वाजता, मोठ्या दालनात भरली. मंडळाचे बावीस सभासद, म्हणजे अकरा वर्षं जेवून गेलेलेच बावीस. ओब्राद मधे बसला होता. दाराशी दोब्रिला पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. ग्लास केव्हाच वाटून झाले होते, तरी ती हलली नव्हती.

"तर मंडळी," ओब्राद म्हणाला, "अर्ज दोन. नियमाप्रमाणे पाहिलं तर तिहोमिरची चौकट कोरी आहे. तिहोमिर, काही सांगायचंय?"

तिहोमिर उठले. लेपोसावा दुसऱ्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसली होती. तिहोमिरांनी आदल्या दिवसापासून दोन भाषणं तयार केली होती. एकात पत्र होतं, दुसऱ्यात नव्हतं. कोणतं करायचं ते अजून ठरलं नव्हतं. आणि मग काय झालं, तर अकरा वर्षांच्या काळजीवाहूपणानं हात आपोआप खिशात गेला. त्यांनी पत्र काढून ओब्रादच्या हातात दिलं.

ओब्रादनं ते मोठ्यानं वाचलं. दालनात कुजबुज उठली.

"म्हणजे नऊ तुझे?" ओब्रादनं चष्म्यावरून पाहिलं. "मग पहिलं नाव हिचं का घातलंस, भल्या माणसा? नऊ वेळा? कोणी बंदूक लावली होती का?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

तिहोमिरांनी खूप मोठा श्वास घेतला. नव्या माणसांना पुढे आणलं पाहिजे, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण लेपोसावानं त्याच क्षणी वर पाहिलं, आणि ते वाक्य तिथंच मेलं.

"पार्टीमुळे," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्या नावानं पार्टी द्यावी लागते. ती चुकवायला."

आणि दालन फुटलं. ओब्रादचं टेबल हलायला लागलं, पाण्याचे ग्लास किणकिणले, क्ष-किरणवाल्या मिल्यानं डोळे पुसले. "वा रे तिहोमिर!" ओब्राद ओरडला. "अरे, तू चिकट आहेस हे उभ्या शहराला ठाऊक आहे, पण कोकरू वाचवायला स्वतःचे नऊ पेपर देऊन टाकेल इतका कंजूष माणूस जगात तरी आहे का?"

"आहे!" दाराशी दोब्रिला म्हणाली.

हसू हळूहळू विरलं. एकेकानं तिहोमिरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकेकाला कळत गेलं की माणूस चेष्टा करत नव्हता. मिल्यानं रुमाल खिशात घातला. मागे कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. तिहोमिरांना वाटलं, फरशी दुभंगून खालच्या क्ष-किरण विभागात आपण पडावं, तिथं निदान आता कोणी नव्हतं.

"बरं," ओब्राद शेवटी म्हणाला. तोही गंभीर झाला होता. "कारण काहीही असो. पत्र खरं, सही खरी. नऊ पेपर तिहोमिरचे. त्याला सहा लागतात, त्याचं झालं. लेपोसावाकडे पाच राहतात, एक कमी. नियम आहे, मी काय करणार? खुर्ची तिहोमिरची." मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "पण थांबा! नऊ पेपर तुझे, तर मग नऊ पार्ट्याही तुझ्याच की!"

"नऊ!" मिल्या ओरडला.

आणि मग जे सुरू झालं त्याला सभा म्हणणं कठीण आहे. कोणी म्हणे पहिली नदीकाठी झाली पाहिजे. कोणी म्हणे कोकरू पुष्कळ झालं, एकदा डुकराचं पिल्लू होऊन जाऊ दे, ओवा लावून भाजलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना ट्राऊट मासा हवा होता. एक म्हातारे प्राध्यापक, जे बारा वर्षांत कुठल्या सभेत एक शब्द बोलले नव्हते, ते काठी आपटून म्हणाले, "वाद्यांसकट!"

तिहोमिरांचा चेहरा पांढरा पडला. सगळ्यांनी तो पाहिला. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यावरूनच सगळा घोळ झाला. त्यांच्या नजरेसमोर त्या घटकेला एक कोकरूही नव्हतं. दिसत होती लेपोसावा. ती हसत नव्हती, रुसलीही नव्हती. तिनं मांडीवरचे आपले कागद शांतपणे जुळवले, पिशवीत भरले, आणि पिशवीचा बंद ओढला. सहा वर्षांचं काम असं पिशवीत गेलं. उद्या ती नऊ वाजता येईल, कोट चढवेल आणि मला "सर" म्हणेल, हे तिहोमिरांना स्पष्ट दिसलं, आणि ते त्यांना सहन होईना.

ते टेबलापाशी गेले आणि ओब्रादच्या हातातून पत्र ओढून घेतलं.

"हे परत घेतोय."

"अरे, पण..."

"नऊ मी देऊन टाकलेत. दिलेलं परत मागायचं नसतं. ज्यानं पार्टी दिली त्याचा पेपर, हीच आपली रीत. आणि उरलेले पाच तर कधीच माझे नव्हते. ते उपाशी पेशींचं तिनं मला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो होतो, यात काही अर्थ नाही. बुडापेस्टला मी त्यावर टाळ्या घेऊन आलो, त्या तिच्या होत्या." त्यांनी पत्राचे दोन तुकडे केले, मग चार. "चौदा. सगळे तिचे. घ्या मतं."

आयुष्यात पहिल्यांदा एखादी मोठी गोष्ट आपण हातानं देऊन टाकली, असं तिहोमिरांना वाटलं, आणि आपल्याला आतून हलकं वाटतंय याचं नवलही वाटलं. लोक आता काय म्हणतील, कदाचित उभे राहतील, असंही एक क्षण मनात येऊन गेलं.

ओब्राद त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मग त्याचे गाल थरथरले.

"मंडळी," तो कसाबसा म्हणाला, "नऊ पार्ट्या वाचवायला या माणसानं खुर्ची सोडली!"

त्या दिवशी टेबलाचा एक पाय खरोखरच मोडला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. म्हातारे प्राध्यापक काठी टाकून बसले. मिल्या "आहे! आहे!" करत दोब्रिलाचा हात हलवत होता. तिहोमिर "तसं नाही, अहो, ऐका तर," म्हणत मधे उभे होते, पण ऐकतंय कोण? हसता हसताच हात वर झाले, बावीसच्या बावीस, आणि लेपोसावा रिस्तिच खात्याची प्रमुख झाली.

गोष्ट संध्याकाळपर्यंत शहरभर झाली. आजही तुम्ही बाजारात विचारा, चीजवाली बाईसुद्धा सांगेल की अमुक एक डॉक्टर नऊ कोकरांसाठी प्रमुखपदावर लाथ मारून आला. यास्मिन्कानंही ते तिच्या बहिणीकडून ऐकलं, आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, "नऊ म्हणजे अख्खी की अर्धी?" तिहोमिरांनी तिला खरं कारण सांगून पाहिलं. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

स्वतः तिहोमिरांना तरी कारण नक्की ठाऊक होतं का? ते पाच पेपर आणि ती पिशवी, हे तर होतंच. पण "वाद्यांसकट" ऐकल्यावर मनात खर्चाचा आकडा आला नव्हता, असं ते छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते.

लेपोसावा सोमवारी प्रमुखांच्या खोलीत बसायला गेली. दुपारी तिनं त्यांना बोलावलं. तिहोमिर दारात अवघडून उभे राहिले. ते बसायचे त्या खुर्चीत आता ती होती, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसायची त्यांना सवय नव्हती.

"सर, सगळे म्हणतात मेंढ्यांसाठी सोडलीत," ती म्हणाली.

"म्हणू द्या."

"त्या पाचही पेपरांच्या समासात तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय. आज सकाळी कपाटात बघितलं. तिसऱ्यात तर चार पानं भरून प्रश्न विचारलेत."

तिहोमिर खिडकीबाहेर बघायला लागले.

"त्यातला शेवटचा प्रश्न मला आला नाही," लेपोसावा म्हणाली. "पहारेकऱ्यांना खायला घातल्यावर ते उठतात, ते ठीक. पण पुन्हा कधी निजतात, का निजतात? मी याचा विचारच केला नव्हता. हा प्रश्न तुमचा आहे. करता का?"

"मी? एकटा?"

"एकटे. सुरुवातीपासून. मला शेवटी घाला, प्रमुख म्हणून. वीस उंदीर देते."

एकसष्टाव्या वर्षी तिहोमिर बाकिच तळघरातल्या उंदीरघरात उतरले. कोट पोटावर बसेना, हातमोजे चुकीच्या मापाचे, आणि उंदीर धरायची कला ते पार विसरून गेले होते. दोब्रिलानं दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः धरला आणि उंदरानं त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला.

"मानेशी धरा, डॉक्टर, मानेशी. लग्नात नवरी धरतात तसा नाही."

"कळलं गं, कळलं."

पाचवा उंदीर नीट हातात आला. तिहोमिरांनी त्याला दिव्यापुढे धरलं, पोटावरची गाठ बोटानं चाचपली, आणि त्यांच्या तोंडावर असा भाव आला की दोब्रिलानं धुवायची भांडी खाली ठेवली.

"डॉक्टर, एक विचारू? हा पेपर छापून आला, तर पहिलं नाव तुमचं ना?"

"आधी होऊ तर दे."

"नाही, होईल हो. झाला, तर मग आम्हाला काय खिलवणार?"

उंदीर हातात धडपडत होता. तिहोमिरांनी त्याला अलगद पिंजऱ्यात सोडलं, झाकण लावलं, वहीत नंबर लिहिला. दोब्रिलाला वाटलं, नेहमीसारखं ताकाला तूर लागू देणार नाहीत. ती भांडी उचलून निघालीही होती.

"दोब्रिला," ते मागून म्हणाले, जरा हळूच, जरा नाखुशीनं. "तुला काय आवडतं?"